गाळीव रकाना

आमच्या कंपनीत आम्ही चौघं. कंपनी म्हणजे सांगलीत विश्रामबागेत पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्या आणि दारावरची पाटी. ज्यानं हे सुरू केलं त्याला सगळे दादा म्हणतात. हिंजवडीत नोकरीला होता, २०२० च्या टाळेबंदीत लॅपटॉप घेऊन घरी आला तो परत गेलाच नाही. प्रोग्रॅमिंग करणारा मुलगा रोज मिरजेहून येतो. डिझायनर इचलकरंजीची. घरी यंत्रमाग, त्यामुळे आमच्या खोलीतली शांतताच तिला सोसत नाही, कानात सतत गाणी. चौथी मी. मला तिघंही काकू म्हणतात.

मी मूळची या धंद्यातली नव्हे. वीसेक वर्षं छापखान्यात डीटीपी केलं. पेजमेकरमध्ये पान लावायचं, श्रीलिपीत मराठी टाइप करायचं, बटर पेपरवर, म्हणजे पातळ अर्धपारदर्शक कागदावर, प्रिंट काढून द्यायची, त्यावरून छपाईची प्लेट. उन्हाळ्यात लग्नपत्रिका, मग साखर कारखान्यांचे अहवाल, श्रावण लागला की दिवाळी अंक. मालकांनी मशीन विकलं तेव्हा दादानं विचारलं, "काकू, वेबसाइटचा मजकूर तपासायला येता का?" गेले. आता मजकूर, हिशेब आणि गिऱ्हाइकांचे फोन माझ्याकडे. गिऱ्हाईक बहुतेक हळदीचे व्यापारी, दवाखाने, क्लासेस, तासगाव भागातले द्राक्ष-बेदाण्यावाले. पाच पानं, एक फॉर्म, एक नकाशा, व्हॉट्सॲपचं बटण. ठरलेलं काम.

मग एका जुन्या वाचनालयाचं काम आलं. कृष्णाकाठचंच गाव आहे एवढं सांगते, नाव राहू दे. शासनमान्य, 'अ' वर्गाचं, शंभरी कधीच ओलांडलेलं. कार्यवाह स्वतः जिना चढून आले. निवृत्त बँक अधिकारी, हातात फाइल. म्हणाले, "संकेतस्थळ पाहिजे. घरबसल्या सभासदांना पुस्तक आहे की नाही कळलं पाहिजे. बाकी काही नको." गिऱ्हाईक 'बाकी काही नको' म्हणालं की दादा वहीत एक चौकोन काढतो आणि रिकामा ठेवतो. पुढे भरावा लागतोच.

कोटेशन दादानं दिलं. तीन हप्ते: सुरुवातीला चाळीस टक्के, पुस्तकांची यादी शोधता यायला लागली की तीस, चालू झाल्यावर तीस. आमची उलाढाल वीस लाखांच्या आत, जीएसटीची नोंदणी नाही, त्यामुळे वर अठरा टक्के लागत नाहीत हे कार्यवाहांना फार आवडलं. पण लगेच होकार नाही. कार्यकारिणीची सभा, सभेत ठराव, ठरावाची नक्कल, मग चेक, त्यावर दोन सह्या. पुण्या-मुंबईच्या मोठ्या कंपन्यांना हे कटकटीचं वाटत असेल. मला तरी बरं वाटतं. ठराव झालेलं काम मध्येच कुणाच्या लहरीनं बंद होत नाही.

त्यांचं एक जुनं संकेतस्थळ होतं, एका सभासदाच्या मुलानं कॉलेजात असताना करून दिलेलं. पत्ता, म्हणजे डोमेन, त्याच्याच नावावर. बहुतेक संस्थांची हीच कथा: ज्यानं केलं त्याच्या ईमेलवर सगळं, आणि तो पुढे नोकरीला कुठे गेला ते कुणाला माहीत नाही. हा मुलगा सापडला, भला निघाला, रात्री उशिरा का होईना हस्तांतराचा कोड पाठवला. दादाचा नियम आहे, डोमेन आणि होस्टिंग दोन्ही गिऱ्हाइकाच्या नावावर, गिऱ्हाइकाच्याच ईमेलवर. आम्ही उद्या नसलो तरी त्यांचं अडू नये. वाचनालयाचा पासवर्ड आता सीलबंद पाकिटात, ठरावांच्या फाइलसोबत कपाटात आहे. प्रोग्रॅमर हसला होता. हसू दे.

खरं काम पेनड्राइव्हमधून आलं. वाचनालयात विंडोज एक्सपीवर चालणारा एक जुना संगणक होता, त्यावर फॉक्सप्रोमध्ये केलेलं देवघेवीचं सॉफ्टवेअर. त्यातली फाइल प्रोग्रॅमरनं उघडली. पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस, टक्के, डोक्यावर टिंबं असलेली युरोपी अक्षरं, सगळं एकात एक. पोरगा म्हणाला, "काकू, डेटा करप्ट आहे."

मी चष्मा लावून जवळ गेले. म्हटलं, "अरे करप्ट नाही, मराठी आहे."

ज्यांनी छापखान्यात काम केलंय त्यांना हे सांगायला नको. युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळ्या संगणकांवर एकच ठरलेला क्रमांक, सर्रास होण्याआधी मराठी संगणकावर यायची ती फाँटच्या आडून. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, सी-डॅकचं आयएसएम, आणखी कितीतरी. संगणकाला कळायचं इंग्रजी अक्षरच, फाँट फक्त त्या जागी 'क' किंवा 'अर्धा ग' काढून दाखवायचा. फाँट काढून घेतला की उरतो तो हा पसारा. बरं, प्रत्येक फाँटची मांडणी वेगळी. एकात ज्या जागी 'ण' तिथे दुसऱ्यात रफार. त्यामुळे आधी फाँट कोणता ते कळायला हवं. मला त्या ओळींमध्ये एकाच जागी पुन्हा पुन्हा येणारी चिन्हं दिसत होती. पुस्तकाला प्रकाशक असतो, बहुतेक प्रकाशकांच्या नावात 'प्रकाशन' असतं. तेवढं धरलं की प, र, क, श, न हाती लागतात. तरीही मी म्हटलं, अंदाज नको, त्या जुन्या संगणकाचा फाँटचा फोल्डर उचलून आणा. आणला. फाइल मिळाली. मग दुपारच्या वेळी, फोन कमी असतात तेव्हा, मी आणि प्रोग्रॅमर शेजारी बसून तक्ता करायचो. मी सांगायचे हे चिन्ह म्हणजे काय, तो त्याचा युनिकोड लिहायचा.

नुसत्या बदल्यात बदली करून भागत नाही, ही यातली मेख आहे. जुन्या फाँटमध्ये अक्षरं डोळ्याला दिसतात त्या क्रमानं साठवलेली असतात. पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे दिसते, म्हणून आधी वेलांटी, मग अक्षर. रफार वर, शेवटी दिसतो, म्हणून अक्षरानंतर रफार. युनिकोडचा क्रम उच्चाराचा. 'मूर्ति' हा शब्द घ्या, जुन्या पुस्तकांवर ऱ्हस्वच असतो. जुन्या फाइलमध्ये मू, मग वेलांटी, मग त, मग रफार. युनिकोडमध्ये मू, मग र आणि हलन्त, म्हणजे अक्षराचा पाय मोडायची खूण, मग त, आणि सगळ्यात शेवटी वेलांटी. म्हणजे एकाच शब्दात रफार मागे आणायचा आणि वेलांटी पुढे ढकलायची. त्यात 'शक्ति'सारखं जोडाक्षर आलं की वेलांटीनं एक नव्हे, दोन अक्षरं ओलांडायची. शिवाय अर्धा ग आणि पुढे काना असं मिळून पूर्ण ग होतो, तो काना वेगळा ओळखायचा. कधीकधी त्या पोराचा कोड सगळं बरोबर करायचा आणि 'निर्मिती' आलं की कोलमडायचा. मग 'निर्मिती' नीट झाली तर 'कर्तृत्व' मोडायचं. छापखान्यात हे सगळं मी बोटांनी करत होते. कधी शब्दात सांगावं लागलं नव्हतं, आता लागलं.

रूपांतर झाल्यावर दुसरी गोष्ट उघडी पडली. फॉक्सप्रोच्या त्या फाइलमध्ये शीर्षकाला ठरावीक जागा दिलेली होती, आणि जुन्या फाँटमध्ये अर्धं अक्षर, काना, मात्रा सगळेच एकेक जागा खातात. लांब नावाची पुस्तकं शेपूट तोडल्यासारखी. चरित्रं आणि प्रबंध तर बहुतेक सगळे अर्धवट. इथे संगणकाचा उपयोग नाही. दाखल नोंदवही उघडायची, नाही जमलं तर कपाटातून पुस्तक काढून मुखपृष्ठ वाचायचं. वाचनालयाच्या दोन कर्मचाऱ्यांनी आणि मराठी विभागाच्या काही विद्यार्थ्यांनी ते केलं. आमच्या कोटेशनमध्ये हे काम नव्हतं. दादाच्या वहीतला चौकोन तिथे भरला.

नोंदवही चाळताना बऱ्याच ओळींपुढे लाल शाईत 'पूर' लिहिलेलं. ऑगस्ट २०१९. तळमजल्यावरच्या कपाटांचे खालचे कप्पे पाण्यात होते. यातली बरीच पुस्तकं रीतसर निर्लेखित झालेली, म्हणजे समितीच्या ठरावानं दप्तरातून कमी केलेली. आमची डिझायनर म्हणाली, नसलेली पुस्तकं यादीत कशाला, लोकांचा हिरमोड होईल. ग्रंथपालबाई म्हणाल्या, "दाखवा. 'पुरात गेलं' असं लिहून दाखवा. कुणाच्या घरात दुसरी प्रत असेल तर आणून देईल तरी." दोघींचं बरंच झालं. शेवटी दाखवायचं ठरलं, पण यादीच्या तळाशी, फिकट अक्षरात, आणि शेजारी 'तुमच्याकडे प्रत आहे?' असं बटण. बाईंचं खरं निघालं, पुस्तकं येताहेत. काही इतकी जुनी की वाचनालयाकडे तेवढी जुनी आवृत्ती पूर्वीही नव्हती.

या बाईंबद्दल नीट सांगायला हवं, कारण पुढचा सगळा शोध त्यांच्यावरून केला आहे.

प्रोग्रॅमरनं शोधाची चौकट पहिल्यांदा केली ती सरळ होती. जे टाइप केलं ते शीर्षकात किंवा लेखकाच्या नावात आहे का बघायचं. आम्ही ती वाचनालयात दाखवली. बाईंनी एकेक शब्द टाकला आणि बहुतेक वेळा 'काहीही आढळले नाही'. पुस्तक समोरच्या कपाटात. बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "लोक असं मागत नाहीत ओ."

म्हणून मी देवघेवीच्या खिडकीजवळ स्टूल टाकून बसले. संध्याकाळच्या वेळी, गर्दीत. वही घेऊन. लोक कसं मागतात ते लिहीत गेले. कुणी आडनाव सांगतं, कुणी फक्त आद्याक्षरं. कुणी मालिकेतला भाग सांगतं, 'याच्या पुढचं द्या'. एक आजोबा टोपणनावानं मागतात, त्यांची सून त्याच कवीला खऱ्या नावानं. बाई क्षणभर थांबतात, आणि आत बोट दाखवतात. कपाट, कप्पा, डावीकडून. त्या नेमकं काय करतात हे मी विचारलं तर त्यांना सांगता येईना. मग मीच वहीत लिहीत गेले: इथे बाईंनी ऱ्हस्वदीर्घाकडे लक्ष दिलं नाही, इथे अनुस्वार सोडून दिला, इथे आद्याक्षरांवरून आडनाव ओळखलं.

मराठी पुस्तकांच्या यादीत शुद्धलेखन एकच नसतं, ही गोष्ट संगणकवाल्यांना लवकर पटत नाही. आज आपण लिहितो त्याचे नियम साहित्य महामंडळानं केले आणि शासनानं १९६२ मध्ये स्वीकारले, चौदा नियम, १९७२ मध्ये आणखी चार. त्याआधीच्या पुस्तकांवर 'कांहीं', 'नांव', 'पांच', 'घरांत', 'कवि', 'बुद्धि' असंच आहे, आणि सूचीचा नियम असा की पुस्तकाच्या आतल्या शीर्षकपानावर जे आहे तेच नोंदवायचं. म्हणजे पुस्तकावर 'कांहीं' बरोबर आणि वाचकानं 'काही' शोधणंही बरोबर. संगणकाच्या लेखी मात्र हे दोन परके शब्द.

त्यातून एक रकाना जन्माला आला. प्रत्येक शीर्षकाची आणि लेखकाची आणखी एक प्रत, जी कुणाला दिसत नाही, फक्त शोधाला वापरायची. तिच्यात सगळ्या वेलांट्या दीर्घ, सगळे उकार दीर्घ, अनुस्वार गाळलेले, 'पण्डित' असेल तर 'पंडित' करून मग त्यातलाही अनुस्वार गाळलेला, टिंबं, जोडरेषा आणि मोकळ्या जागा काढून टाकलेल्या, आकडे एकाच लिपीत. वाचक जे टाइप करील तेही याच चाळणीतून काढायचं आणि मग दोन्ही जुळवायचे. प्रोग्रॅमरनं कोडमध्ये त्याला लांबलचक इंग्रजी नाव दिलं होतं. मी वहीत 'गाळीव' लिहिलं, तेच राहिलं.

त्या पोराला सगळ्यात जास्त छळलं ते 'कादंबऱ्या' या शब्दानं. डोळ्याला एकच दिसतो. पण कुणी त्यातला अर्धा र टिंबवाल्या 'ऱ'ला हलन्त जोडून टाइप केलेला असतो, कुणी साध्या 'र'ला हलन्त आणि पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह देऊन. काही ठिकाणी जोडचिन्हच नसतं, मग 'य'वर रफार चढतो आणि शब्द चुकीचा दिसतो, पण टाइप करणाऱ्याला हवा असतो कादंबऱ्याच. वाचनालयात अर्धं दालन कादंबऱ्यांचं, आणि शोधात त्या निम्म्याच यायच्या. तेच 'ॲड.'चं. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्याआधी लोक 'अ' वर चंद्र वेगळा देत, अजूनही देतात. सांगलीत वकील लेखक थोडे नाहीत. ही सगळी रूपं गाळीव रकान्यात एकच करून टाकली.

आद्याक्षरं हे स्वतंत्र प्रकरण. वि. स. खांडेकर सांगलीत जन्मलेले, त्यांना मागणी कायमची. यादीत ते 'खांडेकर, वि. स.', 'वि.स. खांडेकर', 'खांडेकर विष्णु सखाराम' असे विखुरलेले, कारण चाळीस वर्षांत नोंदी करणारे हात बदलले. फोनवर लोक टाइप करतात 'विस खांडेकर', नाहीतर रोमन लिपीत. टोपणनावांचं काम बाईंनी केलं. जुन्या तालिकापत्रांवर, म्हणजे पुस्तकांच्या सूचीच्या कार्डांवर, 'पाहा' अशी नोंद असायची: कुसुमाग्रज पाहा शिरवाडकर, गोविंदाग्रज पाहा गडकरी, केशवसुत पाहा दामले. ती पत्रं पुरातून वाचली होती, कारण ती वरच्या मजल्यावर, कुणी वापरत नाही म्हणून टाकलेली. आम्ही त्यावरून लेखकांचा वेगळा तक्ता केला. एक माणूस, एक क्रमांक, त्याची सगळी नावं त्या क्रमांकाखाली. आता कोणत्याही नावानं हाक मारा, सगळी पुस्तकं येतात.

गाळण्याचा तोटाही आहेच. 'दिन' आणि 'दीन' एक झाले. 'सूत' शोधणाऱ्या यंत्रमागवाल्याला 'सुत' येणारी पुस्तकं दिसायला लागली. डिझायनरनं हे पहिल्यांदा पकडलं, स्वाभाविक आहे. मग क्रम ठरवला: अगदी जसंच्या तसं जुळतं ते वर, शब्दाची सुरुवात जुळते ते त्याखाली, गाळून जुळतं ते शेवटी. बाई खिडकीत हेच करतात. आधी जे मागितलं ते देतात, वाचकाचा चेहरा पडला की "मग ते दुसरं पाहिजे का?" म्हणतात.

दिसण्याच्या बाजूनं इचलकरंजीच्या पोरीनं जे केलं त्याला प्रशस्तिपत्रक मिळत नाही, म्हणून इथे लिहिते. इंग्रजी पानांचे साचे मराठीला तसेच लावले की वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची मात्रा एकमेकांत घुसतात. तिनं ओळींमधलं अंतर वाढवलं. शीर्षकांना हल्ली अक्षरांमध्ये मोकळी जागा सोडायची फॅशन आहे. इंग्रजीत ती शोभते, मराठीत शिरोरेघ तुकड्यातुकड्यांनी तुटते. ती बंद केली. लांब नाव तीस अक्षरांनंतर कापून पुढे तीन टिंबं द्यायचा कोड होता. संगणकाच्या मोजणीत 'स्त्री' हा एकटा शब्द सहा अक्षरांचा, त्यामुळे कापलं की कुठेतरी हलन्त लोंबकळायचा. तिनं कापणंच काढलं, नावं दोन ओळींत जाऊ दिली. मला विचाराल तर पुस्तकाचं नाव अर्धं दाखवणारं वाचनालय हवंय कुणाला?

कार्यकारिणीपुढे सादरीकरण झालं तो दिवस दादाचा. मी कोपऱ्यात बसून होते. अध्यक्षांना पहिल्या पानावर आजवरच्या सगळ्या अध्यक्षांचे फोटो हवे होते, सरकत जाणारे. एका सभासदांना किती लोकांनी भेट दिली त्याचा आकडा खाली फिरता हवा होता. एक निवृत्त मुख्याध्यापक बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "यातला 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचा आहे. शासनाचा २००९ चा निर्णय वाचलाय का?" खोलीत शांतता. निर्णय खरा आहे, ६ नोव्हेंबर २००९ चा, मराठी वर्णमालेचा, त्यात ल आणि श मराठी वळणाचे दिलेत. आमच्या पोरीनं तिथल्या तिथे लॅपटॉप उघडला. पानाची भाषा हिंदी अशी लिहिलेली होती, साच्यातून आलेली. ती मराठी केल्यावर, फाँटमध्ये सोय होतीच, ल आणि श दोन्ही आपसूक बदलले. मुख्याध्यापकांनी चष्मा काढून पडद्याजवळ जाऊन पाहिलं आणि "हं" म्हणाले. त्यानंतर बाकीचे विषय फार लवकर संपले. फोटोंना वेगळं पान द्यायचं ठरलं, 'आमची वाटचाल'. फिरता आकडा दादानं कसा टाळला ते मला अजून कळलेलं नाही. चहा आला आणि विषय मागे पडला एवढंच आठवतं.

मुख्याध्यापकांचं एक मात्र राहिलं होतं, ते त्यांनी नंतर फोनवर सांगितलं. अकारविल्हे यादीत 'ज्ञान'नं सुरू होणारी पुस्तकं 'ज'मध्ये आणि 'क्षितिज' 'क'मध्ये. संगणकाच्या दृष्टीनं बरोबर, ज्ञ म्हणजे ज आणि ञ, क्ष म्हणजे क आणि ष. शाळेतल्या मुळाक्षरांत मात्र ळ, क्ष, ज्ञ शेवटी, ह नंतर. आम्ही क्रम बदलला. कुणी आभार मानले नाहीत. कुणाची तक्रारही आली नाही.

चालू करायचा मुहूर्त वाचनालयाच्या वर्धापनदिनाचा. भाषणं, हार, कळ दाबणं. कळ दाबली ती आमच्या लॅपटॉपवर, संकेतस्थळ आदल्या रात्रीपासूनच चालू होतं. नाव नवीन सर्व्हरकडे वळवल्यावर ते सगळीकडे पोचायला वेळ लागतो, भाषण संपेपर्यंत थांबून चालत नाही. प्रोग्रॅमरचे आईवडील मिरजेहून आले होते. सत्कारात शाल दादाला, नारळ पोरांना. ग्रंथपालबाईंना काही नाही. मला ते खटकलं आणि मी ते कार्यवाहांना बोलून दाखवलं. पुढच्या सभेत त्यांचा सत्कार झाला असं ऐकलं.

शेवटचा हप्ता यायला वेळ लागला. कोषाध्यक्ष लेकीकडे बंगळूरला गेलेले आणि दुसरी सही त्यांची. मी दर सोमवारी फोन करायचे. पैसे मागणं हे आमच्याकडे माझं काम, पोरांना लाज वाटते. छापखान्यात मी ती केव्हाच सोडली. चेक आला, वटला.

दादानं देखभालीचा वर्षाचा करार वेगळा केलाय. त्यात एक कलम माझ्या सांगण्यावरून आहे: महिन्यातून एकदा बाईंना एक यादी पाठवायची, कोणत्या शोधाला काहीच सापडलं नाही त्याची. पहिली यादी गेली तेव्हा बाईंचा फोन आला, हसत होत्या. स्पर्धा परीक्षांची पुस्तकं सगळ्यात वर, ती वाचनालय फारशी घेतच नव्हतं. लहान मुलांची इंग्रजी नावाची बरीच. कुणीतरी शोधाच्या चौकटीत 'उद्या चालू आहे का' असं विचारलं होतं. कुणी 'आजीला वाचायला मोठ्या अक्षरात'. वेळ आता शोधाच्या शेजारीच लिहिली आहे. मोठ्या अक्षरातल्या पुस्तकांसाठी बाईंनी नोंदीत नवीन खूण मागितली, ती दिली. बाकीची यादी त्यांनी ग्रंथखरेदी समितीपुढे ठेवली.

'सूत' आणि 'सुत'वरून प्रोग्रॅमर आणि बाई यांचं अजून चालू आहे. त्याला वाटतं आपण जास्त गाळतोय, बाई म्हणतात कमी. दर महिन्याला एखादा शब्द निघतोच.

गेल्या महिन्यात शेजारच्या तालुक्यातल्या एका वाचनालयाचा फोन आला, तसंच काम. दादा कोटेशनचं बोलायला लागला तर मी फोन मागून घेतला आणि आधी विचारलं, जुना संगणक आहे ना जागेवर? पलीकडचे गृहस्थ म्हणाले, "तो होय, तो परवाच भंगारात दिला की." मी भंगारवाल्याचा नंबर घेतला आणि पोराला मोटारसायकल काढायला सांगितली.